गुरुवारी पंप तपासायला

नेरूळला माझं दुकान होतं आणि त्याची पायरी कधी कोणी हौसेनं चढलं नाही. साडीच्या दुकानात बायका नुसत्या बघायला जातात, भांड्यांच्या दुकानात भाव विचारून येतात. माझ्याकडे फक्त गरजवंत यायचे, आणि तेही तोंड पाडून. बाहेर पाटी होती, 'रुग्णसाहित्य भाड्याने मिळेल'. म्हणजे हँडल फिरवून वरखाली होणारा हॉस्पिटलसारखा पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, ऑक्सिजनचं मशीन. दुकान आमच्या ह्यांनी सुरू केलं, ते गेल्यावर मी चालवलं आणि आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर पुतण्याच्या हवाली केलं. तेव्हापासून मी घरी बसले आहे. मला घरी बसणं किती जमतं ते आमच्या कामवालीला विचारा, ती बिचारी दुसरं काम शोधतेय.

पलंग न्यायला आलेलं गिऱ्हाईक आवाज खाली आणून हमखास विचारायचं, "यावर कोणी... म्हणजे तसं काही...?" हे वाक्य पुरं करायला कोणालाच जमायचं नाही. मी म्हणायचे, "अहो, यावरून उठून चालत गेलेलीही माणसं आहेत." ते खोटं नव्हतं. पुष्कळ होती असं मात्र म्हणणार नाही.

पलंग परत येण्याची रीत ठरलेली. घरात माणूस गेलं की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन, "आजच्या आज घेऊन जा." काही घरांत तर मंडळी स्मशानातून यायच्या आत शेजाऱ्यांनी पलंग खोलून जिन्यात उभा करून ठेवलेला असायचा. ज्याच्याभोवती अख्खं घर वर्षभर फिरलं, तो पलंग एका दुपारीत डोळ्यांसमोर नकोसा होतो. म्हणून आमच्या ह्यांनी एक नियम घालून दिला होता. पलंग कधी परत देताय, असं आपण विचारायचं नाही. फोन त्यांचा आला पाहिजे. हा नियम मी कधी मोडला नाही.

पोचवायला मी स्वतः जायचे. सोबत आमचा टेम्पोवाला बाळाराम, करावे गावचा, माझ्याहून थोडा मोठाच पण मला ताई म्हणणारा. "ताई, लिफ्टमधी नाय जानार, खोलाय लागंल," हे तो लिफ्ट बघायच्या आधीच सांगून टाकायचा. आणि वर पोचलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असायचा, दक्षिण कुठे?

खांदेश्वरच्या एका घराचं सांगते. सासरे पडून खुब्याचं हाड मोडलेलं. पलंग जोडून झाला आणि मुलगा मोबाईलवरचं होकायंत्र घेऊन खोलीभर फिरायला लागला. पाय दक्षिणेला नकोत. व्हिडिओ कॉलवर त्यांचे कोणी काका होते, ते तिकडून हुकूम सोडत होते, "अजून थोडा फिरवा." फिरवता फिरवता पलंग भिंतीला चिकटला आणि हँडल कपाटामागे गेलं. मी सांगून बघितलं की दोन्ही बाजूंना माणूस उभं राहायला जागा लागते, नाहीतर कूस बदलताना एकाच बाजूनं ओढावं लागतं. कोण ऐकतो! सासऱ्यांचे पाय दक्षिणेपासून वाचले आणि सुनेची कंबर गेली. वृषाली तिचं नाव. पुढे ती दुकानात आली ती कमरेचा पट्टा विचारायलाच आली.

तेव्हापासून मी पलंग जोडून झाला की घरच्यांना एक प्रश्न विचारायला लागले. "आणि तुम्ही कुठे झोपणार?" तुम्हाला सांगते, याचं उत्तर कोणाकडेच तयार नसायचं. औषधाचं टेबल कुठे, पंखा कुठला, टीव्ही दिसतो की नाही, सगळा विचार झालेला. जो माणूस उठवणार, बसवणार, भरवणार, धुणार, तो कुठे पाठ टेकणार याचा विचार त्यानं स्वतःसुद्धा केलेला नसायचा. मग कोणीतरी पलंग आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेकडे बघून म्हणायचं, "मी काय, पडेन इथेच चटईवर." वर्षं जायची त्या चटईवर.

असं सांभाळणाऱ्यांना टिकून राहायला काय लागतं, असं मला कोणी विचारलं तर मी पनवेलच्या फरीदा आणि शमीमचं घर सांगते. दोघी जावा. सासू अंथरुणाला खिळलेली. मी गेले की दोघींचं भांडण चालूच असायचं, पाळी कोणाची, चादर कोणी बदलायची, काल जास्त कोणी केलं. मला वाटायचं, हे घर काही टिकत नाही. एकदा शमीम बाजारात गेली असताना फरीदा म्हणाली, "ही नसती तर मी कधीच माहेरी पळाली असती." मी म्हटलं, "अगं, मघाशी तर तिला शिव्या घालत होतीस." ती हसली. "मग कोनाला घालू? सासूला घालू?" भांडायला माणूस होतं म्हणून त्या दोघींनी सासूला शेवटपर्यंत सांभाळलं, आणि नीट सांभाळलं.

सीवूड्सच्या दळवींकडे भांडायलाही कोणी नव्हतं.

प्रकाश दळवी, साठीच्या आसपासचे, लग्न न केलेले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली ती आईसाठी. आई मालवणकडची, डाव्या अंगावरून वारं गेलेलं, बोलणं हळू पण डोकं लखलखीत. धाकटा भाऊ परदेशात. तो दर रविवारी व्हिडिओवर यायचा आणि फिजिओ दिलास का, प्रोटीन देतोस का, अशी चौकशी करून जायचा. वर त्याचं एक पालुपद होतं, "तुला झेपत नसेल तर सांग, कर्जतकडे चांगली वृद्धाश्रमं आहेत." दळवींच्या आईला त्या शब्दाची धास्ती होती. आणि दळवींना, आपण कोलमडलो तर आईची रवानगी तिकडेच होणार याची.

त्यामुळे ते कोणाला काही सांगतच नसत. सोसायटीत कोणी विचारलं की "मजेत." ब्युरोकडून सांभाळायला आणलेल्या दोन मावश्या आईनं घालवून दिल्या, तिसरी त्यांनी आणलीच नाही. शेजारच्या बाईंनी डबा देऊ केला तर, "नको हो, आमचं व्यवस्थित चाललंय." मी पलंग जोडायला गेले तेव्हा पलंग तरी हॉलमध्ये लावून घेतला, म्हणजे आजींना घर दिसेल आणि दळवींना आतल्या खोलीत कोंडून घ्यावं लागणार नाही. झोपायचं विचारलं तर त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं.

काही महिन्यांनी चादरीचे क्लिप द्यायला गेले, तर माणूस ओळखू येईना. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली, मनगटावर भाजल्याचा डाग. आजी झोपल्या होत्या. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून एकदम म्हणाले, "मॅडम, काल मी आईवर हात उगारला. मारलं नाही. पण उगारला." आणि लगेच, "चहा घेणार?"

मी चहा घेतला. थोडा वेळ तुम्ही बाहेर जाऊन या, मी बसते, असं म्हटलं असतं तर त्यांनी नकोच म्हटलं असतं, हे मला ठाऊक होतं. मदत म्हटली की या माणसाच्या मानेला ताठा यायचा. म्हणून मी धंद्याची थाप मारली.

ही थाप कळायला गादी समजून घ्यायला हवी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आम्ही हवेची गादी देतो. तिच्यातल्या नळ्या आलटूनपालटून फुगतात आणि बसतात, म्हणजे एकाच जागी भार पडून पाठीला जखमा होत नाहीत. हवा भरायला डब्याएवढा पंप पलंगाच्या पायाशी टांगलेला असतो. तो आपला दिवसभर गुरगुरत राहतो आणि त्याला वर्षानुवर्षं कोणी हात लावायची गरज नसते.

मी म्हटलं, "दळवी, या मॉडेलच्या पंपाची दर आठवड्याला तपासणी करावी लागते. तासभर हवेचा दाब बघत बसायचं. गुरुवारी येत जाईन. त्या वेळी पेशंटशेजारी मीच लागते, तुम्ही थांबायची गरज नाही. जाऊन या कुठेतरी."

दळवींनी पंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तपासणी असेल तर करायलाच हवी," म्हणाले.

गुरुवारी माझं दुकान बंद असायचं. मुलगा पुण्याला, ह्यांना जाऊन बरीच वर्षं झालेली. सुट्टीच्या दिवशी मी दोन वेळा केर काढायचे आणि एकटीपुरता भात टाकायचे. म्हणजे त्याग बिग मी काही करत नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

आजींनी मला पहिल्या भेटीतच नाव देऊन टाकलं. "पंपवाली इली?" मी आत शिरले की हा प्रश्न, मग "आज काय बिघडवलंस?" मी पंपाला कान लावायचे, नळी दाबायचे, वहीत काहीतरी खरडायचे. दळवी चपला घालून निघून जायचे आणि तासाभरानं परत यायचे. "खाडीकाठच्या वॉकवेला जाऊन आलो. गर्दी होती," असं सांगायचे. मला वाटायचं, चला, माणूस मोकळ्या हवेत फिरतोय. चेहऱ्यावर मात्र फरक दिसत नव्हता.

एकदा माझा चष्मा स्कूटरच्या डिकीत राहिला. आजींचा डोळा लागला होता म्हणून पटकन खाली गेले. पार्किंगमध्ये दळवींची गाडी उभी होती आणि गाडीत दळवी. इंजिन बंद, काचा वर. सीटबेल्ट लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर भिंत. मी खांबाआड थांबले. त्यांनी गाडी सुरू केली नाही, गाणी लावली नाहीत, फोन काढला नाही. नुसते बसून होते. वॉचमन माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब हमेशा इथेच बसतात. टाइम झाला की वर जातात."

मी वर आले. मी त्या माणसाला एक तास मोकळा दिला म्हणून स्वतःवर खूश होते आणि त्याला तो तास घेऊन जायला जागाच नव्हती. कारखाना सुटल्यापासून मित्र सुटले, सोसायटीला "मजेत" सांगून सांगून शेजार सुटला. आजी जाग्या झाल्या होत्या. "तो खंय जाता गो?" त्यांनी विचारलं.

"फिरायला."

"खंयचा फिरूक? त्येका कोण आसा?" मग छताकडे बघून म्हणाल्या, "मी गेल्यावर ह्येच्याकडे कोण येतला?"

मी नळी दाबत बसले.

पुढच्या गुरुवारी मी दळवींना बाहेर पाठवलंच नाही. "आज नळी धरायला माणूस लागेल," म्हटलं. ते स्टूल घेऊन बसले, नळी धरून. मी काहीबाही विचारत राहिले, आजी मधेच फटकारत राहिल्या, आणि तास कसा गेला कळलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेला मी त्यांना काम लावलं. "आजींना कोळंबी खावीशी वाटतेय. मला ताजी ओळखता येत नाही, तुम्ही आणा." आजींनी लगेच री ओढली. दळवी गेले ते दीड तासानं आले, हाताला वास, शर्टावर पाण्याचे शिंतोडे. "काय कोळीण आहे ती! म्हणते, एवढा मोठा बाप्या आन् कोळंबी सोलता येत नाय? सोलून दिली नाही, शिकवलं मला." हे सांगताना तो माणूस हसला. मी त्यांना हसताना त्याआधी बघितलंच नव्हतं.

मग पुढे काही वर्षं हेच चालू राहिलं. एक गुरुवार मासळीचा, एक बसून गप्पांचा. भावाशी रविवारी काय बोलणं झालं ते ते मला गुरुवारी सांगायचे आणि मी त्या भावाला मनसोक्त नावं ठेवायचे. दळवी म्हणायचे, "जाऊ द्या हो, तो लांब आहे." पण त्यांना बरं वाटायचं, दिसायचं ते. आईवर पुन्हा हात उगारला नाही, असं त्यांनी एकदा मी न विचारताच सांगितलं. कर्जतचं नाव हळूहळू मागे पडलं. तपासणी करायला मी कधी चुकले नाही आणि पंप, अर्थातच, कधी बिघडला नाही.

आजी गेल्या त्या घरीच गेल्या, दुपारी, मुलाच्या हातचं दोन घास पेज खाऊन. मी भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. भाऊ आला, कार्य उरकून परत गेला. पुढचा गुरुवार आला तेव्हा मी सवयीनं पर्स उचलली आणि दारातच थांबले. आता कशाला जायचं? पेशंट नाही, तपासणी नाही. नुसतं भेटायला जावं, तर मी त्या घरी कधी नुसती गेलेच नव्हते. आणि मी गेले की त्यांना वाटणार, बाई पलंगासाठी आली.

पलंगाचा फोन काही येईना. बाळाराम दोनदा म्हणाला, "ताई, सीवूडचा पलंग आला नाय अजून." मी म्हटलं, "येईल." नियम तो नियम. मी गुरुवारी पुन्हा दोनदा केर काढायला लागले.

मग एका गुरुवारी दुपारी फोन आला. "मॅडम, दळवी बोलतोय." माझी तब्येत विचारली, मग म्हणाले, "पंपाची तपासणी राहिलीय."

मी गेले. हॉलमध्ये पलंग होता तसाच होता. वर धुतलेली चादर, उशी, पायाशी घडी केलेली शाल. पंप चालू होता. रिकामी चादर एका बाजूनं हळूच वर येत होती, दुसऱ्या बाजूनं खाली जात होती. पलंगाशेजारी जमिनीवर चटईची गुंडाळी दिसली. म्हणजे हा माणूस अजून तिथेच झोपत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

डोळे पुसून म्हटलं, "दळवी, या पंपाला तपासणी लागत नाही."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी कारखान्यात काय करायचो ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत." ते जरासे हसले. "कॉम्प्रेसर. नोकरीभर हवेचे कॉम्प्रेसरच सांभाळले. तुम्ही त्या पंपाला कान लावायचात तेव्हा आतून हसू यायचं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही आला नसतात." ते पलंगाकडे बघत राहिले. "आता हा पण नेलात की मग गुरुवारी..." पुढचं त्यांना जमलं नाही. माझ्या गिऱ्हाइकांना वाक्यं पुरी करता येत नाहीत, हे मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

मी पंपाचं बटण बंद केलं. गादी सावकाश बसली आणि घर एकदम शांत झालं. इतकी वर्षं तो आवाज होता हे तो थांबल्यावर कळलं. आम्ही चहा घेतला. निघताना मी म्हटलं, "उद्या बाळारामला पाठवते." त्यांनी मान हलवली. मग दारात मला थांबवून विचारलं, "मॅडम, दुसरीकडे कुठे पंप आहे का हो, तपासायचा?"

होता. खांदेश्वरची वृषाली, कमरेला पट्टा बांधून अजून भिंतीकडच्या बाजूनं सासऱ्यांना ओढत होती. हाड कधीच जुळलं होतं, पण सासरे पुन्हा उभे राहिले नाहीत, आणि आता त्यांच्याखाली आमचीच हवेची गादी होती. नवरा संध्याकाळी उशिरा येणारा. एव्हाना दुकानात पुतण्या बसायला लागला होता, ती नुकतीच त्याच्याकडे येऊन म्हणाली होती, "काकूंना सांगा, महिनोन्महिने मी एकटी रस्त्यानं चालले नाहीय." मी तिला फोन लावला आणि सांगितलं, दुकानाकडून एक साहेब येतील, दर गुरुवारी तपासणी असते. मोठे जाणकार आहेत, पेशंटशी बोलतात, तू निश्चिंत बाहेर पड.

त्या गुरुवारी मला कुठेच जायचं नव्हतं. केर काढून झाला, भात झाला, खाऊन झाला. उन्हं खिडकीतून सरकत भिंतीवर गेली. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, इथे पोचलोय कधीचा. पलंग भिंतीपासून सरकवून घेतला. दक्षिणेचं मी सांभाळून घेतलंय, थोडा तिरका ठेवला." आवाजात चक्क तोरा होता. मग आवाज उतरला. "वृषालीबाई तासाभरात येते म्हणाल्या होत्या. अजून आल्या नाहीत. काय करू?"

"सावकाश येऊ दे तिला. थांबा. पंपाला वेळ लागतो म्हणून सांगा."

"सांगू कोणाला? घरात आजोबाच आहेत." मागून एक खोकला ऐकू आला, मग म्हाताऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटणं. "ते विचारतायत, पुढच्या गुरुवारी येणार का म्हणून."

मी म्हटलं, "हो म्हणा."